बेकारीचे मानसशास्त्र : मारिएन्टाल ते गिरणगाव

१. विषयप्रवेश

बेकारी हा विषय बहुधा अर्थशास्त्राच्या कक्षेतला मानला जातो. किती हात रिकामे आहेत, उत्पादनाची हानी किती झाली, मजुरीच्या दरावर काय परिणाम झाला, हे प्रश्न त्या शास्त्राने सूक्ष्मपणे हाताळले आहेत. परंतु ज्या माणसाची नोकरी जाते त्याच्या दिनक्रमाचे, घरातील स्थानाचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी असलेल्या व्यवहाराचे आणि भविष्याकडे पाहण्याच्या दृष्टीचे काय होते, हे कोष्टकांतून कळत नाही. २०२२ च्या अखेरीपासून माहिती-तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात जगभर झालेल्या नोकरकपातीमुळे हा प्रश्न पुण्यामुंबईच्या सुशिक्षित वर्गाच्याही दारी येऊन ठेपला. अशा वेळी धीर धरावा, नवे कौशल्य शिकावे, आशा सोडू नये, असा उपदेश सर्वत्र ऐकू येतो. तो अयोग्य आहे असे नव्हे. मात्र धीर हा गुण कशाच्या आधाराने टिकतो आणि कोणत्या परिस्थितीत तो खचतो, याचा शोध घेतल्यावाचून त्या उपदेशाचे मोल ठरविता येत नाही. हा शोध सुमारे नव्वद वर्षांपूर्वी ऑस्ट्रियातील एका गिरणीगावात सुरू झाला. त्याचे निष्कर्ष आपल्या गिरणगावाच्या अनुभवाशी ताडून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभी दोन संज्ञांचा अर्थ निश्चित केला पाहिजे. वृत्तपत्रांतून सरसकट 'ले-ऑफ' हा शब्द वापरला जातो. परंतु भारतीय कायद्यात त्याचा अर्थ मर्यादित आहे. कोळसा, वीज वा कच्चा माल यांचा तुटवडा, मालाचा साठा तुंबणे, यंत्र बिघडणे अशा कारणांनी मालक हजेरीपटावरील कामगारास काम देऊ शकत नाही, तेव्हा तो ले-ऑफ होय. त्यात नोकरीचा संबंध तुटत नाही. संबंध कायमचा तोडला जातो ती कपात. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली झालेल्या दुरुस्तीने पहिल्या प्रकारात मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई ठरविली. दुसऱ्यात एक महिन्याची पूर्वसूचना आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन देण्याचे बंधन घातले. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ही तत्त्वे कायम ठेवून कपात झालेल्या कामगाराच्या पुनःप्रशिक्षणासाठी आणखी पंधरा दिवसांच्या वेतनाइतका निधी ठेवण्याची तरतूद केली आहे. ही भरपाई गेलेल्या वेतनाची होय. नोकरीबरोबर वेतनाखेरीज आणखी काय जाते, याचा विचार कायद्याच्या कक्षेत येत नाही.

२. मारिएन्टालचा अभ्यास

व्हिएन्नाच्या आग्नेयेस ग्रामाटनॉयझीडल नावाचे गाव आहे. त्याला लागून १८३० साली हेर्मान टोडेस्को याने कापडाची गिरणी काढली आणि तिच्याभोवती मारिएन्टाल ही कामगारवस्ती उभी राहिली. जवळजवळ शंभर वर्षे या वस्तीचे जीवन त्या एका गिरणीवर अवलंबून होते. जागतिक मंदीच्या तडाख्यात १९२९-३० मध्ये गिरणी टप्प्याटप्प्याने बंद झाली. त्या वेळी वस्तीत ४७८ कुटुंबे होती आणि त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कुटुंबांत एकही कमावती व्यक्ती उरली नाही.

व्हिएन्नातील पॉल लाझार्सफेल्ड, मारी याहोडा व हान्स त्साइझेल हे तरुण संशोधक आपल्या सहकाऱ्यांसह १९३१-३२ मध्ये तेथे गेले. कामगारांच्या फावल्या वेळाचा अभ्यास करण्याचा लाझार्सफेल्ड यांचा मूळ मनोदय होता. देशात एवढी बेकारी असताना फावल्या वेळाचा अभ्यास कसला करता, असे समाजवादी पुढारी ओटो बाउअर यांनी सुचविल्यावर विषय बदलला. केवळ निरीक्षक म्हणून गावात वावरावयाचे नाही, असा नियम या मंडळींनी स्वतःस घालून घेतला होता. त्यांनी जुने कपडे गोळा करून वाटले, डॉक्टरांची मोफत तपासणी व शिवणवर्ग चालविले. त्या ओघात मिळालेल्या माहितीवर आधारलेला ग्रंथ १९३३ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. लेखकांची नावे ज्यू असल्याने ती मुखपृष्ठावर छापली गेली नाहीत. इंग्रजी भाषांतर निघण्यास १९७१ साल उजाडावे लागले.

या अभ्यासाची पद्धती आजही अभ्यासकांनी लक्षात घ्यावी अशी आहे. तिच्यात आकडेवारी आणि वर्णन यांची जोड आहे. आणि सर्वसामान्य व्यवहारातून मोजमाप काढण्याचे कौशल्य आहे. उदाहरणार्थ, वस्तीतील कामगारांच्या ग्रंथालयाची नोंदवही. बेकार माणसाजवळ वेळ भरपूर, तेव्हा वाचन वाढेल असा सर्वांचा तर्क. शुल्कही माफ करण्यात आले होते. तरीही १९२९ ते १९३१ या काळात पुस्तकांची देवघेव जवळजवळ निम्म्यावर आली. दुसरे उदाहरण हमरस्त्यावरील चालीचे. खिडकीआड बसून संशोधकांनी येणाऱ्याजाणाऱ्यांचा वेग टिपला. सुमारे दोन तृतीयांश पुरुष वाटेत किमान दोनदा थांबत. न थांबता पोहोचणारा दहांत एखादाच निघे. स्त्रिया मात्र पुरुषांच्या सुमारे दीडपट वेगाने चालत, कारण स्वयंपाक, मुले, धुणे व शिवण यांनी त्यांचा दिवस पूर्वीइतकाच भरलेला होता. पुरुषांना कालचा दिवस तासागणिक लिहून काढावयास सांगितले, तेव्हा उठणे, जेवणे व निजणे यांपलीकडे त्यांना फारसे आठवेना. कित्येकांनी घड्याळ घरी असूनही ते जवळ बाळगणे सोडून दिले होते.

शेजारधर्मावरही परिणाम झाला. सरकारी साहाय्य घेत असताना मजुरीचे काही काम केल्यास ते साहाय्य बंद होई. अशा चोरून केलेल्या कामाविषयी निनावी तक्रारी पूर्वीही येत. पण गिरणी बंद झाल्यानंतर त्यांची संख्या झपाट्याने वाढली, आणि चौकशीअंती खऱ्या ठरणाऱ्या तक्रारी मात्र वाढल्या नाहीत. मत्सर व संशय वाढल्याचे हे सरळ माप होय. दुसऱ्या बाजूस, वाट्यास आलेल्या जमिनीच्या तुकड्यावर बटाटे पिकविण्याची गरज असतानाही तेथे फुले लावणारी कुटुंबे या संशोधकांना भेटली. माणसाच्या गरजांचा क्रम पोटापासूनच सुरू होतो असे मानणाऱ्यांनी या नोंदीचा विचार करावा.

३. चार वृत्ती आणि एक कोष्टक

ज्या १०० कुटुंबांचा बारकाईने अभ्यास झाला त्यांचे संशोधकांनी चार गट पाडले. 'न खचलेली' कुटुंबे १६ होती : घर नीटनेटके, मुलांची निगा, पुढील बेत आणि कामाचा शोध चालू. 'निमूट' कुटुंबे ४८ : घर व मुले यांची काळजी घेतली जाते, पण बेत नाहीत, अपेक्षा नाहीत. 'निराश' ११ : घर सांभाळले जाते, पण गतकाळाशी तुलना करून सतत खंत. 'उदासीन' २५ : घर, मुले, स्वतः यांकडे दुर्लक्ष, व्यसन व भांडणे. विशेष हलाखीतील कुटुंबे या शंभरांत अधिक असल्याने हे प्रमाण सबंध वस्तीस लागू पडत नाही. सबंध वस्तीत 'निमूट' कुटुंबांचे प्रमाण याहून पुष्कळ मोठे होते. बेकारीतून क्रांती उसळेल अशी एका पक्षाची अपेक्षा व दुसऱ्याची भीती होती; प्रत्यक्षात वस्तीवर पसरली ती निमूट सहनशीलता.

या वर्गीकरणापेक्षाही महत्त्वाचे आहे ते त्याच्या शेजारी मांडलेले उत्पन्नाचे कोष्टक. दर प्रौढ माणशी मासिक उत्पन्नाची सरासरी न खचलेल्या गटात ३४ शिलिंग, निमूट गटात ३०, निराश गटात २५ आणि उदासीन गटात १९ शिलिंग होती. येथे असा आक्षेप संभवतो की वृत्ती खचल्यामुळेच उत्पन्न घटले असेल. परंतु या कुटुंबांचे उत्पन्न मुख्यतः सरकारी साहाय्याचे होते आणि ते पूर्वीच्या वेतनावर व लोटलेल्या मुदतीवर ठरे. काही आठवडे बेकारी भत्ता, त्यानंतर घटलेले आपत्कालीन साहाय्य, आणि ती मुदत संपली की काहीच नाही, असा त्याचा क्रम होता. त्यामुळे मनोवृत्ती बदलून ही रक्कम वाढविणे घरातील कोणाच्याही हाती नव्हते. पूर्वायुष्य, प्रकृती व स्वभाव यांनी काही अपवाद घडविले, हे संशोधकांनी नोंदविले आहेच. परंतु एकंदर दिशा स्पष्ट आहे : न खचलेला आणि उदासीन यांच्यातील अंतर पंधरा शिलिंगांचे होते. ज्यास आपण शीलाचा गुणदोष समजतो, त्याचा पुष्कळसा भाग भत्त्याच्या वेळापत्रकात दडलेला असतो.

४. याहोडांची मीमांसा व तिच्यावरील आक्षेप

मारी याहोडा यांना १९३६ साली ऑस्ट्रियातील राजवटीने अटक केली. पुढील वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी आपल्या विचाराला सिद्धान्ताचे रूप दिले. नोकरीचे प्रकट कार्य म्हणजे वेतन. त्याखेरीज ती पाच गोष्टी नकळत पुरविते : दिवसाला वेळेची चौकट, कुटुंबाबाहेरच्या माणसांशी नित्य संबंध, एकट्याला न साधणाऱ्या सामूहिक प्रयोजनात वाटा, समाजात स्थान व ओळख, आणि नियमित कृतीची सक्ती. मालकाचा हेतू या गोष्टी पुरविण्याचा मुळीच नसतो. तरीही कंटाळवाणी, नावडती नोकरीसुद्धा त्या पुरविते. म्हणूनच नोकरी असताना जी शिस्त जाचक वाटते तिचीच उणीव नोकरी गेल्यावर भासू लागते. वेळ पुष्कळ झाला असताना पुस्तके कमी का वाचली गेली, याचे उत्तर येथे मिळते. कामाच्या चौकटीत फावला वेळ शोभतो. चौकट मोडली की तो फावला राहत नाही, केवळ रिकामा होतो.

या मीमांसेवर ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड फ्रायर यांनी १९८० नंतरच्या दशकात घेतलेला आक्षेप दुर्लक्षणीय नाही. याहोडांच्या चित्रातील माणूस संस्थेकडून चौकट मिळण्याची वाट पाहणारा, परावलंबी वाटतो. वस्तुतः माणूस स्वतः बेत आखणारा, पुढे पाहणारा प्राणी आहे. बेकारी त्याला खचविते ती मुख्यतः दारिद्र्य व अनिश्चितता यांमुळे. कारण पैसा नाही आणि उद्याचे ठाऊक नाही अशा स्थितीत बेत आखणेच अशक्य होते. मारिएन्टालचे कोष्टक या आक्षेपाला पुष्टी देते, हे सहज लक्षात येईल. आमच्या मते हे दोन विचार परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. चौकट मोडते आणि नवी उभारण्याचे साहित्यही त्याच क्षणी हिरावले जाते, असा दोहोंचा एकत्रित अर्थ घेता येतो. परिणामाच्या व्याप्तीविषयी मात्र आता वाद उरलेला नाही. कार्स्टन पॉल व क्लाउस मोझर यांनी २००९ साली २३७ एककालिक व ८७ दीर्घकालीन अभ्यासांचे संकलन केले. मानसिक त्रासाचे प्रमाण बेकारांत ३४ टक्के, तर नोकरदारांत १६ टक्के आढळले. काम पुन्हा मिळाले की त्रास ओसरतो, हेही दीर्घकालीन अभ्यासांवरून दिसून आले.

५. अनिश्चिततेचा काळ

मारिएन्टालमध्ये संशोधक पोहोचले ते गिरणी बंद झाल्यानंतर. आघात होण्यापूर्वीचा काळ कसा असतो, हे अमेरिकेत सिडनी कॉब व स्टॅनिस्लाव्ह कॅसल यांनी तपासले. बंद होणार असल्याचे जाहीर झालेल्या दोन कारखान्यांतील कामगारांचा त्यांनी बंद होण्याच्या आधीपासून सुमारे दोन वर्षे मागोवा घेतला. रक्तदाब वाढला तो नोकरी जाण्याच्या प्रतीक्षेतच. बेकारीत तो चढाच राहिला आणि स्थिर काम मिळाल्यावर उतरला. ज्यांना पत्नी, आप्त व मित्र यांचा आधार होता त्यांस त्रास कमी झाला. यावरून दिसते की नोकरी जाण्याचा आरंभ काढून टाकल्याच्या पत्राने होत नाही; कुजबुजीपासूनच होतो. कोणाची नावे यादीत आहेत हे आठवडेच्या आठवडे गुप्त ठेवणारी आस्थापना ज्यांना काढावयाचे नाही त्यांच्याही प्रकृतीची किंमत मोजावयास लावते.

६. गिरणगावाची साक्ष

या संदर्भात मुंबईच्या गिरणगावाचे उदाहरण शास्त्रीय दृष्ट्या मौलिक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो दीड वर्षाहून अधिक काळ चालला आणि रीतसर मागे घेतला गेलाच नाही. काम परत न मिळालेल्यांची संख्या लाखाच्या घरात जाते. अर्थात संप व कपात या भिन्न गोष्टी आहेत, आणि भेद येथेच लक्षणीय ठरतो : गिरणगावात नोकरी गेल्याची तारीखच नव्हती. संप चालू आहे, मिटेल, बोलावणे येईल, अशा अवस्थेत माणसे वर्षानुवर्षे राहिली. बदली कामगारांची स्थिती तर आधीपासूनच अशी होती. रोज सकाळी दाराशी उभे राहावे आणि कोणी गैरहजर असल्यास काम मिळावे, हे त्यांचे जीवन. ले-ऑफच्या भरपाईतूनही कायद्याने त्यांना वगळले होते. त्यांना कायम करावे ही संपाची एक मागणी होती. कॉब व कॅसल यांनी ज्या प्रतीक्षाकाळाचे मोजमाप केले, तो येथे एका पिढीच्या आयुष्याएवढा लांबला.

याहोडांची पाच कार्ये गिरणगावात शोधली असता ती गिरणीच्या आवारात मावत नाहीत असे आढळते. भोंगा आणि तीन पाळ्या यांनी केवळ कामगाराचा नव्हे, सबंध वस्तीचा दिवस आखलेला होता. गाळ्यात एकाच जागेवर पाळीपाळीने माणसे निजत. पाळ्या मोडल्या आणि ती जागाही अपुरी पडली. साचेखात्यातील सोबती बहुधा गावचेच असत. गावकीची मंडळे, भजन व व्यायामशाळा यांतून कामाबाहेरचा संबंधही त्याच माणसांशी येई. गावाकडे जाणारी मनीऑर्डर ही घरातील स्थानाची खूण होती. ती थांबली तेव्हा रत्नागिरी वा साताऱ्याच्या घरात मुंबईकराचे स्थान काय, हा प्रश्न उभा राहिला. तात्पर्य, पाश्चात्त्य सिद्धान्तात नोकरी व कुटुंब हे दोन वेगळे प्रांत कल्पिलेले आहेत. आपल्याकडे ते एकमेकांत गुंतलेले असल्याने एक कोसळताच दुसऱ्याला धक्का बसला.

परंतु याच गुंतागुंतीत आधारही होता. संपाच्या काळात कामगार मोठ्या संख्येने गावी परतले. शेतीची कामे व घरचे धान्य यांवर संप इतका लांबू शकला. मारिएन्टालच्या कुटुंबांना बटाट्याच्या वाफ्याने जे दिले, ते येथे गावच्या जमिनीने दिले. मात्र हा आधार सर्वांना सारखा नव्हता, आणि अल्पभूधारकांच्या शेतात आणखी हात आल्याने बेकारी नाहीशी झाली नाही, झाकली गेली. शिवाय आधार देणाऱ्यांचाही आधार सुटला. खाणावळी चालविणाऱ्या स्त्रियांचे उदाहरण घ्यावे. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली स्थापिलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने या स्त्रियांना संघटित करून बँकेची कर्जे मिळवून दिली होती. त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे गिरणी कामगार. संपात ते गेले वा उधारीवर जेवू लागले. या स्त्रियांची नावे कोणत्याही गिरणीच्या हजेरीपटावर नसल्याने त्यांची बेकारी कोणत्याच आकडेवारीत आली नाही. अशा माणसांचा आवाज ऐकावयाचा तर नीरा आडारकर व मीना मेनन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मौखिक इतिहासाकडे वळावे लागते.

७. उपाय : व्यक्तीच्या हातातले व समाजाच्या

वैयक्तिक प्रयत्नांना अर्थ नाही असा निष्कर्ष यातून काढणे चूक ठरेल. मिशिगन विद्यापीठात रिचर्ड प्राइस, रॉबर्ट कॅप्लन व अमिराम व्हिनोकुर यांनी १९८० नंतर बेकारांसाठी एक गटप्रशिक्षण तयार केले. मुलाखतीचा सराव आणि ओळखींतून काम शोधण्याची रीत यांबरोबरच नकार येणार हे गृहीत धरून त्याची आधीच तयारी करणे, हा त्याचा विशेष. यदृच्छेने पाडलेल्या गटांची तुलना केली असता प्रशिक्षितांना अधिक चांगले काम मिळाले व औदासीन्य कमी झाले. ज्यांना खचण्याचा धोका अधिक, त्यांना लाभही अधिक झाला. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला जेम्स पेनेबेकर व सहकाऱ्यांचा प्रयोग लहान, परंतु सूचक आहे. नोकरी गेलेल्या ६३ अभियंत्यांपैकी ज्यांनी आपल्या मनातील क्षोभ काही दिवस लिहून काढला त्यांना इतरांपेक्षा लवकर काम मिळाले. आणि त्यांनी अधिक अर्ज केले होते असेही नाही. क्षोभ कागदावर उतरल्याने तो मुलाखतीत उफाळून आला नसावा, असा तर्क केला जातो. दिवसाला वेळेची चौकट ठेवणे, ओळखीच्या माणसांना टाळू नये, घरात खरी स्थिती सांगणे, हे उपायही वरील विवेचनाशी सुसंगत आहेत. मात्र या साऱ्यांना काही महिन्यांची आर्थिक निश्चिती पायाभूत आहे. ती नसलेल्या माणसास आशावादाचा उपदेश करणे म्हणजे १९ शिलिंगांत ३४ शिलिंगांची वृत्ती मागणे होय.

समाजाने काय करावे, याचे एक उत्तर पुन्हा त्याच गावातून आले आहे. ऑक्टोबर २०२० पासून २०२४ पर्यंत ग्रामाटनॉयझीडल येथे सरकारी रोजगारसेवेने दीर्घकाळ बेकार असलेल्या प्रत्येकास, सक्ती न करता, वेतनी कामाची हमी दिली. मॅक्सिमिलियन कासी व लुकास लेनर या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचे मूल्यमापन केले. उत्पन्न व स्थैर्य यांबरोबर वेळेची चौकट, सामाजिक संबंध व प्रतिष्ठा यांतही सुधारणा आढळली. शारीरिक प्रकृतीत मात्र फरक दिसला नाही. याहोडांनी सांगितलेली कार्ये हमीच्या कामानेही पुरविली जातात, हा याचा अर्थ. कामाची हमी ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. १९७२ च्या दुष्काळात वाढलेल्या रोजगार हमी योजनेस राज्याने १९७७ साली कायद्याचे रूप दिले. पण ती हमी ग्रामीण भागापुरती व अंगमेहनतीच्या कामाची होती. पाच वर्षांनी गिरणगावात जे घडले त्याला तिच्यात उत्तर नव्हते.

८. समारोप

एवढ्या विवेचनावरून आपल्या विद्यार्थ्यांपुढे काही कामे स्पष्ट होतात. रोजगार हमीचे मूल्यमापन आपल्याकडे मजुरी व मनुष्यदिन यांच्या हिशेबाने झाले; वेळ, संबंध व प्रतिष्ठा यांच्या हिशेबाने ते व्हावयास हवे. गिरण्या सोडून गावी गेलेल्या कामगारांची पिढी आता वृद्ध झाली आहे. तिच्या आठवणींची नोंद करण्यास फार अवधी उरलेला नाही. पुण्यातील संगणक-व्यवसायात नोकरी गेलेल्यांचा अभ्यास करताना घरकर्जाचा हप्ता हाच भत्त्याच्या वेळापत्रकाची जागा घेतो का, हेही तपासता येईल. हा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने मारिएन्टालच्या संशोधकांचा नियम पाळावा : ज्या घरी प्रश्नावली घेऊन जावयाचे, तेथे काही उपयोगी पडण्याची तयारी ठेवूनच जावे. बेकार माणसाला सर्वांत अधिक उणीव भासते ती आपली कोणाला गरज आहे या जाणिवेची. त्याच्याकडून माहिती घेताना ती उणीव वाढू नये, एवढी दक्षता अभ्यासकाच्या हाती आहे.